वरचा पाना

"धरलंस?" ट्रकखालून अप्पांचा आवाज आला.

मी केबिनमध्ये गुडघ्यांवर बसले होते. केबिन चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, धरून ठेवणारे चार बोल्ट असतात, त्यातल्या मागच्या उजव्या बोल्टच्या डोक्यावर माझा पाना होता. खालून अप्पा नट फिरवणार होते. वरचं डोकं कुणी धरलं नाही तर अख्खा बोल्टच गरागरा फिरतो आणि नट जिथल्या तिथं राहतो, म्हणून या कामाला कायम दोन माणसं लागतात. बोलून उत्तर द्यायची आमच्यात पद्धत नव्हती. मोकळ्या हाताच्या मुठीनं पत्र्यावर दोन ठोके म्हणजे 'धरलंय', एक म्हणजे 'थांबा'. मी दोन ठोके दिले.

शाळेत होते तेव्हापासून वरचा पाना माझाच. कधी अप्पा स्वतः वर बसले, की दोन ठोके देऊन जरा थांबायचे आणि तिसरा हलकासा, बोटाच्या पेरानं द्यायचे. त्याचा अर्थ काय, हे मी त्यांना अनेकदा विचारलं होतं. "काही नाही. सवय," यापलीकडं उत्तर मिळालं नाही.

ट्रक फार्गो कंपनीचा होता, लांब नाकाचा, वयानं माझ्याहून मोठा. नंबर सत्तावीस एक्केचाळीस. आमच्या जयसिंगपूरच्या घरात त्याला कुणी ट्रक म्हणतच नसे, नंबरानंच हाक असायची. कागदांचं विचारू नका. कागद आजोबांच्या नावावर होते आणि आजोबांबरोबरच गेले. माल वाहायचं त्यानं कधीच सोडलं होतं. माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानामागं पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा असे आणि अप्पा रोज त्याच्याशी काहीतरी खुडबूड करत बसत.

त्या वर्षी मात्र खुडबुडीला घाई आली होती. कराडजवळ दर पौषात जुन्या ट्रकवाल्यांचा मेळा भरायचा. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर मुजावरचाचा तो भरवायचे. यंदा दहावं वर्ष, म्हणून त्यांनी हायवेवरच्या हॉटेलाहॉटेलात निरोप ठेवला होता: ज्याच्याकडं जुनी गाडी असेल त्यानं ती घेऊन यावं, मात्र स्वतःच्या चाकांवर, दुसऱ्या गाडीवर लादून नाही. मेळ्यातली मोठी गोष्ट म्हणजे हजेरी. चाचा ओट्यावर उभे राहून एकेक नंबर पुकारणार आणि त्या ट्रकनं भोंगा वाजवून 'आहे' म्हणायचं. तीन पुकारे. तिसऱ्यालाही भोंगा वाजला नाही, तर ती गाडी गैरहजर, तिला गावातून निघणाऱ्या फेरीत जागा नाही.

अप्पांना फेरीचं काही नव्हतं. "एकदा चारचौघांत नंबर पुकारला पायजे," एवढंच ते म्हणायचे, आणि ड्रायव्हरच्या दाराबाहेरचा पितळी भोंगा चिंचेनं घासत बसायचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हट्ट. मी भरपूर थट्टा करायचे, पण तो भोंगा तिथं वाजलेला मलाही ऐकायचा होता.

नट आवळून झाला आणि माझा फोन वाजला. मुजावरचाचाच होते.

"त्रिशलाताई, एक घोळ झालाय. सत्तावीस एक्केचाळीस दोन झाले."

"दोन म्हणजे?"

"एक तुमचा, एक विट्याचा. तोपण फार्गोच. आणि मालकाचं आडनावपण मगदूमच. नेमगोंडा मगदूम. कोण तुमचे?"

"काका," मी म्हणाले. "सख्खे."

यापुढं मला सांगण्यासारखं काही नव्हतं. काका विट्याला असतात आणि अप्पांचं त्यांच्याशी बोलणं नाही, एवढंच मला माहीत. मी दोन वर्षांची असताना आम्ही गाव सोडून जयसिंगपूरला आलो. त्यांचा विषय निघाला की आई चुलीवरचा तवा असा काही आपटायची, की पुढचं विचारायची छाती होत नसे.

"आता तुम्हीच आपसांत ठरवा," चाचा म्हणाले. "एक नंबर, एक भोंगा. दोन वाजले तर दोन्ही बाद. मला विचाराल तर चासी म्हणजे गाडी. केबिन बदलती, इंजिन बदलतं, चाकं तर चपलेसारखी बदलतात. चासीवर जो नंबर ठोकलेला असतो, ती गाडी."

फोन ठेवून मी दारातून खाली वाकले. "अप्पा, विट्याच्या काकांकडंपण सत्तावीस एक्केचाळीस हाय म्हणं."

खाली पाना खणकन पडला.

"खोटं आसंल," अप्पा म्हणाले. पण खालून बाहेर यायला त्यांनी बराच वेळ लावला.

नको तिथं नाक खुपसणं हा माझा जन्माचा आजार आहे. अप्पा अंघोळीला गेले तशी मी ट्रकमध्ये चढले. डॅशबोर्डवर पितळी पट्टी होती, तिच्यावर चासीचा नंबर कोरलेला. मग खाली शिरले आणि चासीवरची वर्षानुवर्षांची चिकट घाण पत्र्याच्या तुकड्यानं खरवडली. खाली ठोकलेला नंबर निघाला. पट्टीवरचा एक, चासीवरचा भलताच दुसरा. इतकी वर्षं मी लोकांना स्पेअर पार्ट नंबर पडताळून देत होते आणि घरच्या ट्रकचा नंबर कधी ताडून बघितला नव्हता. केबिनच्या बुडाला चार ठिकाणी जाड वेल्डिंग होतं. ते मला लहानपणापासून माहीत होतं. गंज लागला होता म्हणून जोड दिलाय, असं अप्पा सांगायचे. पण गंज असा चारही कोपऱ्यांना सारखा कसा लागेल?

"उद्या विट्याला जाऊन येतो मी," जेवताना मी म्हणाले. आमच्या भागात बायकाही जातो-येतोच म्हणतात.

"काय नडलंय?"

"बघून येतो."

"बघण्यासारखं काय न्हाई तिथं."

सकाळी निघताना पिशवी जड लागली. आत तीन सेलची स्टीलची जुनी बॅटरी होती, आजोबांची, अप्पा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत ती.

"ही कशाला?"

"खाली अंधार आसतोय," अप्पा म्हणाले आणि पेपरमध्ये तोंड घातलं.

विट्यात काकांचं घर शोधायला वेळ लागला नाही. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट, आणि गल्लीच्या टोकाला चिंचेखाली ट्रक. तोच हिरवा रंग, तेच लांब नाक, आणि पुढं पांढऱ्या अक्षरांत सत्तावीस एक्केचाळीस. आसपास कुणी नव्हतं. हाक मारायची सोडून मी पदर खोचला आणि सरळ खाली शिरले. बॅटरीच्या उजेडात चासीवरचा नंबर स्वच्छ दिसत होता, कुणीतरी नेमानं पुसल्यासारखा. मी तळहातावर पट्टीवरचा नंबर लिहून आणला होता. आकडा न् आकडा जुळला.

"कोण हाय रं त्ये?" बाहेरून आवाज आला. "चोर आसशील तर भाईर यी. गिऱ्हाईक आसशील तर दमानं यी, डोस्क्याला हुक लागंल."

मी बाहेर आले. समोर अप्पाच उभे होते, जरा बुटके आणि मिशा असलेले. उभं राहताना एक खांदा पाडायची तऱ्हासुद्धा तीच. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या हातातल्या बॅटरीकडं बघितलं.

"आबांची बॅटरी हाय ही. कुणाची तू?"

"आदगोंडा मगदूमांची. त्रिशला."

त्यांनी बॅटरीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नाकावर धूळ लागलीया. पूस," आणि घरात वर्दी द्यायला गेले. काकूंनी पोहे केले. त्या समोर बसून माझ्याकडं नुसत्या बघत होत्या.

"काका, आमच्या केबिनमधल्या पट्टीवरचा नंबर तुमच्या चासीवर कसा?" मी विचारलं. आडवळणं मला जमत नाहीत.

काका हसले. अप्पा त्यांचे अण्णा. "अण्णानं सांगितलं न्हाई व्हय तुला? न्हाईच सांगणार. आबा गेल्यावर वाटणी झाली. रान वाटलं, घर वाटलं, म्हशी वाटल्या. राह्यला ट्रक. दोघंबी चालवत हुतो. पंच म्हणाले, इका आन् पैसं वाटून घ्या. परक्याच्या हातात गाडी त्याला बघवणार न्हवती, आन् त्याच्या हातात मला. दिसभर भांडलो. शेवटाला एक पंच कावला. म्हणाला, मग कापून घ्या जावा."

"मग?"

"घेतली की."

मला हसू आवरेना. काकूंनी तोंडाला पदर लावला. काका मात्र ट्रककडं बघत होते.

"फुडचं त्याला. केबिन, इंजिन, भोंगा. मागचं मला. चासी, मालाचा हौदा, चाकं. मी भंगारातनं दुसरं केबिन आन् इंजिन आणलं, त्यानं लिलावातली चासी घेतली आसंल. त्यो म्हणणार माझी खरी. मी म्हणणार माझी." त्यांनी मला चासीच्या कडेला नेलं आणि एका जागी बोट ठेवलं. लोखंड वितळून गोठल्यासारखं ओबडधोबड झालं होतं. "हितं. गॅसनं कापलं. चारी कोपरं."

"कापायचं कशाला? चारच तर बोल्ट. खोलायचे की."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

"ते तुझ्या अप्पाला इचार," ते म्हणाले.

मग त्यांचेच प्रश्न सुरू झाले. इंजिन तेच आहे का? चढाला लागलं की अजून शीळ घालतं का? अण्णाचे गुडघे कसे आहेत? गुडघ्यांचं त्यांनी मधेच, इंजिनाचाच एखादा पार्ट असल्यासारखं विचारलं. मीही विचारलं, हजेरीचं काय करायचं?

"चासी माझी. मी वाजवणार."

"तिकडं अप्पापण हेच म्हणणार. दोन वाजले तर दोन्ही बाद."

"हू द्यात बाद." निघताना त्यांनी मागच्या उजव्या कोपऱ्यात मारलेली लाकडाची पाचर पायानं आत ढकलली. "ह्यो एक बोल्ट कायम ढिला पडतोय. एकट्यानं आवळाय येत न्हाई. पोरगं पुण्याला. शेजारच्याला धराय लावलं तर पाना घसरतोय. वरचा पाना धरणं सगळ्यास्नी जमत न्हाई, पोरी."

मी घरी पोचले तेव्हा दिवस मावळून गेला होता. आम्ही जैन, अप्पा दिवस मावळल्यावर घास घेत नसत, म्हणून उजेड असतानाच जेवून घेत. त्या दिवशी ताट झाकलेलं तसंच होतं आणि अप्पा पायरीवर बसले होते.

"जेवला नाही?"

"भूक न्हवती." थोड्या वेळानं म्हणाले, "हौदा लाकडीच हाय का पत्र्याचा केला त्यानं?"

"लाकडीच. तेल पाजून ठेवलाय."

"हं."

"अप्पा, बोल्ट खोलायचं सोडून गॅसनं का कापलं?"

"गंजले हुते," असं म्हणून ते आत गेले.

त्यानंतर मेळ्यापर्यंत माझी अवस्था टपालवाल्यासारखी झाली. अप्पा म्हणायचे, "त्याला इचार, स्प्रिंगचे पाटे बदलले का." काका फोनवर म्हणायचे, "त्याला म्हणावं, रेडिएटर साफ करून घे, रस्ता लांब हाय." म्हटलं, एकमेकांशीच बोला की, मला कशाला मधे घालता? तर दोन्हीकडून फोन बंद. काळजी एकमेकांची आणि हट्ट आपापला. भोंगा वाजवणारच, यातून दोघंही तसूभर हलायला तयार नव्हते. दोन्ही बाद होणार, मग अप्पा उरलेलं आयुष्य कुढत बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी चाचांनी आम्हाला मैदानाच्या या टोकाला आणि काकांना त्या टोकाला जागा दिली. चाचांच्या हातात तेवढंच होतं.

मेळ्याच्या सकाळी मैदान गच्च भरलं होतं. नाकवाले, बिननाकाचे, लाकडी केबिनचे, ट्रकच ट्रक. लोक बोनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात डोकी घालत होते आणि लेकीचं स्थळ बघायला आल्यासारखे बारीक चौकशा करत होते. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून स्टिअरिंगवर बसले होते. दाराबाहेरचा भोंगा नुसता झळकत होता. ते खाली उतरायला तयार नव्हते. नंबर पुकारला आणि हात भोंग्यावर नसला तर?

काकांचा ट्रक उशिरा आला, आणि येताना केबिनचा खडखडाट अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. चाचांनी लगेच जाऊन दार हलवून बघितलं. केबिन एका कोपऱ्यात उचलत होतं. पाचर आणि नट, दोन्ही वाटेत कुठंतरी गळून पडले होते.

"हे आवळल्याशिवाय हजेरी नाही," चाचा म्हणाले. "आत माणसं बसणार, फेरीत गर्दी असणार. माफ करा मगदूम, मला जमणार नाही." आणि ते ओट्याकडं गेले.

मी धावत आमच्या ट्रककडं आले. "अप्पा, काकांचा नट पडला. त्यांना हजेरीत घेत नाहीत."

म्हणजे सगळा प्रश्नच मिटला होता. एकच सत्तावीस एक्केचाळीस उरला होता, आमचा. अप्पांनी फक्त बसून राहायचं आणि नंबर आला की भोंगा दाबायचा. ते समोर काचेतून बघत होते. ओट्यावरून पहिला नंबर पुकारला गेला, कुठूनतरी एक घोगरा भोंगा वाजला, लोकांनी टाळ्या दिल्या.

"कोपरा कुठला?" अप्पांनी विचारलं.

"मागचा उजवा."

"पेटीत त्या मापाचा नट आसंल बघ. दिऊन यी."

मी पेटीतून नट आणि दोन पाने घेतले आणि गर्दीतून पळाले. काका सदरा काढून आधीच ट्रकखाली पाठीवर पडले होते. मी नट आणि एक पाना त्यांच्या हातात दिला, केबिनमध्ये चढले, बोल्टच्या डोक्यावर दुसरा पाना बसवला आणि पत्र्यावर दोन ठोके दिले. खालून जोर आला आणि माझा पाना घसरला. बोल्टचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं. परत बसवला, परत घसरला. भोंग्यांमागून भोंगे वाजत होते. आमचा नंबर आता लांब नव्हता.

"सरक," कुणीतरी म्हणालं.

दारात अप्पा होते. इस्त्रीच्या सदऱ्यात, पायरीवर एक पाय, हातात त्यांचा स्वतःचा पाना. इतकं अंतर ते दुखऱ्या गुडघ्यांनी कसे चालत आले, देव जाणे. मैदानाच्या त्या टोकाला आमचा ट्रक रिकामा उभा होता.

"अप्पा, नंबर येईल एवढ्यात."

"सरक म्हणतोय न्हवं."

मी सरकले. ते कण्हत गुडघ्यांवर बसले, पाना बोल्टवर जरा तिरका घातला आणि वरून अंगाचा भार दिला. मी बसवला की घसरत होता तो पाना त्यांच्या हाताखाली रुतून बसला.

"धरलं का गं?" खालून काकांनी विचारलं. वर कोण बसलंय हे त्यांना तिथून दिसत नव्हतं.

अप्पांनी मुठीनं पत्र्यावर दोन ठोके दिले. जरा थांबले. मग तिसरा, हलकासा, बोटाच्या पेरानं.

खालून जोर आलाच नाही. काकांना काही झालं की काय म्हणून मी वाकून बघितलं. ते पाठीवर तसेच पडून होते, हातातला पाना छातीवर. डोळे उघडे होते आणि त्यांच्या कडांनी पाणी कानांकडं ओघळत होतं. मग त्यांनी बोट वर केलं आणि चासीवर एकदा, हळू, टकटक केलं. आजवर मी खाली पडून ऐकत आले होते त्या तिसऱ्या ठोक्याला उत्तर असतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि गॅसचंही कळलं. चार बोल्ट. एकानं वर धरायचं, दुसऱ्यानं खाली फिरवायचं. चार बोल्टांपुरतं एकत्र यावं लागलं असतं. तेवढंही नको म्हणून दोघांनी लोखंड कापून घेतलं होतं.

नट फिरायला लागला.

"सत्तावीस एक्केचाळीस!" ओट्यावरून आवाज आला.

अप्पांनी तो ऐकला होता. त्यांचा जबडा हलला, पण हात हलला नाही. काकांच्या ट्रकचा भोंगा माझ्या हातापासून दोन वितींवर होता. मला दाबता आला असता. मी दाबला नाही. तो कुणाच्या नावानं वाजवायचा, हे सांगायचा हक्क मला नव्हता.

"सत्तावीस एक्केचाळीस! दुसरा पुकारा!"

लोक माना वळवून आमच्या रिकाम्या ट्रककडं बघत होते. मग काहीजण इकडं बघू लागले. मुजावरचाचांनी हात कपाळावर आडवा धरला, त्यांनाही दिसलं असावं. ते थोडे थांबले. नियमापेक्षा जास्तच थांबले.

"सत्तावीस एक्केचाळीस! तिसरा पुकारा!"

नट अजून दोन-तीन आटे वर यायचा होता. खालून काकांचा आवाज आला, घोगरा, दबका.

"अण्णा, तुला बोलवाय लागल्यात."

"बोलवू देत," अप्पा म्हणाले. "तू आवळ."